बापूरावांची हजेरी

"सूनबाई, बापूरावले घरात बसवून नोको ठेवू. विहारात आला त आमाले दिसते तरी," बापूरावांचे विहारातले सोबती वासुदेवराव दारातूनच म्हणाले होते. नंदिनीनं हसून चहाचं विचारलं आणि विषय तिथंच संपवला.

पिपरी मेघेतल्या त्या विहारात म्हाताऱ्यांचा एक नेम होता. सकाळच्या वंदनेला जो आला नाही, त्याच्या घरी दोघं जाऊन येत. नंदिनीचे सासरे बापूराव त्यांच्यातलेच. पण रस्त्यावर डंपर वाढले, आठ वाजताच ऊन चटके देऊ लागलं. नवरा नागपूरला अपडाऊन करणारा. काही झालं तर धावायचं तिनंच. तिनं सासऱ्यांचं विहारात जाणं थांबवलं आणि त्यांना मोबाइल घेऊन दिला. वंदना त्यावर लावायची, ग्रुपवर 'जय भीम' टाकायचा, झाली हजेरी. खोलीतून आवाज येत राहिला की तिचा जीव निवांत. उन्हाळा सरला, तरी बापूराव खुर्चीतून हलेनात.

त्या दिवशी सकाळी आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, आकांक्षाला शाळेत सोडून, बँकेतलं काम उरकून, तिला घेऊन ती परतली तेव्हा साडेअकरा झाले होते. खोलीत मोबाइल वाजत होता. ती कुकरकडे वळली.

"मम्मी, आबाजी जाहिरात काऊन नाई काढून राह्यले?"

नंदिनीचा हात थांबला. जाहिरात आली की आधी बोट कोण लावतं, यावरून आजोबा-नातीची रोज भांडणं होत. आज साबणाची जाहिरात पूर्ण वाजली. मग गाडीची. मग कुठल्याशा न कळणाऱ्या भाषेतलं गाणं.

"मामाजी?" तिनं सासऱ्यांना हाक मारली.

गाणं चालूच.

तिनं दार ढकललं. ते अर्धं उघडलं आणि अडलं. मागे बापूरावांचा पाय होता. ती अंग चोरून आत शिरली. ते खाटेखाली डोकं करून पडलेले, ओठ कोरडे पडलेले.

"तो मोबाइल बंद कर आधी," ते पुटपुटले. "लघवीले उठलो. खाली पायच नव्हते."

"किती वेळ झाला?"

"तू गाडी काढली, तवाच आवाज देल्ला तुले."

तो आवाज तिनं ऐकला होता. मोबाइलमधला समजून ती निघून गेली होती.

तिनं फोन करताच वासुदेवराव दोन मिनिटांत धावत आले. "सकाळी तुह्या जय भीम पाह्यला ना बापू," ते त्यांना उचलताना सारखे म्हणत होते. "म्हून आलो नाई रे."

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटऱ्या दाबून पाहिल्या. हाड वाचलं होतं.

"दिवसभरात किती चालता आजोबा?"

"न्हाणीपर्यंत."

डॉक्टरांनी नंदिनीकडे पाहिलं. "आता उठवलं नाही, तर पुढे उठणार नाहीत."

पहिल्या दिवशी फाटकापर्यंत. आठवड्यानं नळापर्यंत. बाविसाव्या दिवशी आकांक्षाच्या खांद्यावर हात ठेवून बापूराव विहाराच्या रस्त्याला लागले. शेजारून डंपर गेला. नंदिनीचा हात पुढे झाला. तिनं तो मागे घेतला आणि गाड्यांच्या बाजूनं स्वतः चालू लागली. विहाराच्या पायरीवर वासुदेवराव वाट पाहत उभे होते.

तेव्हापासून नंदिनी भेटेल त्याला एकच विचारते, तुम्हालाही विचारतेय: तुमच्या ग्रुपवर रोज न चुकता नमस्कार टाकणारं ते म्हातारं माणूस तुम्ही शेवटचं चालताना कधी पाहिलं? आठवत नसेल, तर मोबाइल ठेवा आणि त्याच्या दारापर्यंत पायी जाऊन या.