चार हजारचं बटण

६०

पनवेलच्या उरण नाक्यावर गाड्यांना स्टिरिओ बसवणारी पाच-सहा दुकानं होती, पण कान एकच होता. मुबारकचा.

प्रत्येक गाडीत तो पाच बटणांची एक काळी पेटी बसवायचा. बटणं खालीवर सरकायची, बटण वर नेलं की त्या पट्टीतला आवाज चढायचा. खाली आकडे. साठ म्हणजे ढोल, कानाआधी छातीत वाजणारा. अडीचशेवर पुरुषाचा आवाज, हजारवर बाईचा. चार हजारवर झांजा, शिट्ट्या, हॉर्नची धार. आणि सगळ्यात शेवटी बारा हजार. तिथे बांगड्या असतात, आणि फोडणीत तडतडणारी मोहरी.

बाकीचे मिस्त्री आकडे बघून बटणं लावत. मुबारक काचा चढवायचा, आवाज शेवटापर्यंत न्यायचा, दारातल्या छोट्या स्पीकरला कान टेकवायचा आणि डोळे मिटायचा. एका गाडीला पाऊण तास. बारा वर्षं.

दोन हजार नऊच्या एप्रिलमध्ये ओवे गावचे तुळशीराम पाटील आले आणि गाडीतून न उतरताच म्हणाले, "मुबारकशेठ, ही गाडी तुमीच लावली का कुनी दुसऱ्यानं?"

"मीच की. का?"

"आमच्या घरचीनं पळस्प्याला गाडी थांबवायला लावली नि रिक्षा करून घरी गेली. म्हनते, कानात दाभण घुसतंय. हळदीला जायचं होतं, मी एकटाच गेलो. लोक इचारतात, भांडलाव का?"

मुबारकने गाडीत बसून ऐकलं. छान वाजत होती. अगदी त्याने लावली होती तशी.

तरी पाटील खोटं कशाला बोलतील? त्या महिन्यात अशी तक्रार घेऊन आलेली ही तिसरी गाडी होती.

२५०

संशय आला की माणूस आधी घरातच बघतो.

गाड्या संध्याकाळी लावून व्हायच्या आणि रात्रभर दुकानामागच्या वाड्यात उभ्या राहायच्या. रात्री कुणी बटणं सरकवत असेल, तर वाड्याची चावी शाहीदकडे. शाहीद म्हणजे बिल्कीसचा भाऊ, मुबारकचा मेहुणा. सहा वर्षं कुवेतला काढून आलेला, कामात हात साफ, गिऱ्हाइकांशी गोड. हल्ली जास्तच गोड. परवा एका गिऱ्हाइकाला तो म्हणाला होता, "काही वाटलं तर मला फोन करा." मला. दुकानाला नाही, मला.

मग त्या बझरचा प्रकार झाला. गाडी मागे घेताना टीं-टीं वाजतात ते. शाहीदने मुंबईहून डझनभर आणले. मुबारकने एकेक बॅटरीला लावून पाहिला. बाराच्या बारा मुके.

"खोटा माल आणलास."

"दुल्हाभाई, वाजतायत की."

"मला शिकवतोस?"

शाहीदने खोका उचलला आणि फळीवर ठेवला. उलट उत्तर नाही, रागावणं नाही. चोराला राग येत नाही, असं मुबारकला वाटलं.

त्याच आठवड्यात तो एका गाडीची चाचणी घेत खांदेश्वरकडे निघाला होता. काचा बंद, ढोल पाठीत. अचानक एक रिक्षा उजवीकडून घुसून आडवी झाली. मागच्या सीटवर एक म्हातारा, छातीशी हात धरून, त्याला एक बाई टेकू देत होती. रिक्षावाला उतरला आणि काचेवर थाप मारली. मुबारकने आवाज बंद केला, काच खाली केली.

"नाक्यापासून हॉर्न मारतोय मी! पेशंट हाय माझ्याकडं! रस्ता काय तुमच्या बापसाचा हाय? नाचायचं तर घरी नाच!"

मुबारकने गाडी कडेला घेतली. रिक्षा गेली. म्हाताऱ्याची मान बाईच्या खांद्यावर लुळी पडलेली त्याला दिसली, आणि क्षणभर तो रिक्षामागे बघत राहिला. पण क्षणभरच. रिक्षावाल्याला त्याने ओळखलं होतं. काशिराम. शाहीद रोज सकाळी ज्याच्याबरोबर टपरीवर चहा पितो, तो.

नाक्यापासून हॉर्न? एकही ऐकू आला नव्हता. कुणाच्या सांगण्यावरून बोलत होता हा?

१२,०००

बिल्कीस काहीतरी बोलत होती. पाठमोरी, कढईत मोहरी टाकता टाकता. शाहीद स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याने मान हलवली.

"काय बोललात?" मुबारकने विचारलं.

"काही नाही," दोघं एकदम म्हणाले.

१,०००

आणि ती शिट्टी. पहाटे फजरच्या नमाजाला उठलं की घरात बारीक शिट्टी वाजायची. मुबारकने इन्व्हर्टर काढायला लावला, फ्रिजची पिन उपटली, वरच्या मजल्यावरच्यांशी भांडण केलं. शिट्टी थांबेना. बिल्कीस म्हणायची, कसली शिट्टी? म्हणजे तीसुद्धा शाहीदला सामील.

शुक्रवारी निसीमसाहेबांची गाडी आली. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, बाजारपेठेमागे राहणारे, पनवेलातल्या उरल्यासुरल्या इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, घरांपैकी एक. शनिवारी धर्माप्रमाणे ते गाडीला हात लावत नसत, म्हणून गाडी रविवारपर्यंत मुबारककडे. जुनी गाणी ऐकण्याइतका साधा सेट हवा होता. आणि मान वळत नाही, म्हणून मागे घेताना वाजणारा तो बझर.

सापळा लावायला याहून चांगली गाडी नव्हती.

शनिवारी दुपारी मुबारकने बिल्कीसच्या कपाटातून लाल नेलपॉलिश खिशात टाकलं. संध्याकाळी पाऊण तास बसून बटणं लावली. मग प्रत्येक बटणावर, अर्धा बटणावर आणि अर्धा पेटीवर, असा एकेक थेंब टाकला. वाळला की कडक होतो. बटण केसभर सरकलं तरी थेंब फुटणार. बाटली पुन्हा खिशात. उद्या थेंब फुटलेला दिसला की शाहीदच्या हातातून वाड्याची चावी काढून घ्यायची, आणि सगळ्यांसमोर सांगायचं, आजपासून तुझा रस्ता वेगळा. वाक्य त्याने पाठ केलं होतं.

घरी गेल्यावर बिल्कीसने त्याचं बोट धरलं.

"हे लाल काय?"

"काम होतं."

"अच्छा! कुणाच्या नखांना लावत होतात?" ती हसली. मग हसता हसता थांबली, त्याच्यासमोर आली आणि तोंड अगदी जवळ आणून म्हणाली, "अहो, तुम्ही हल्ली कुठे असता?"

"दुकानात," तो म्हणाला. बाटली खिशातच राहिली. झोपताना उशीखाली.

४,०००

रविवारी सकाळी निसीमसाहेब यायच्या आधी मुबारक वाड्यात गेला. शाहीदने कुलूप काढून दिलं आणि गाडीच्या मागच्या बाजूला काहीतरी करत बसला.

पाच थेंब. पाचही अखंड.

निसीमसाहेब आले, गाडीत बसले, गाणं लावलं. दोन ओळी ऐकल्या आणि हात कानाशी नेला.

"अरे मुबारक, ही बाई गातेय का सुरी धार लावतेय?"

मुबारक पेटीवर वाकला. शाहीदने थेंब खरवडून पुन्हा टाकला असेल. रंग तोच मिळतो बाजारात. त्याने नखाने चार हजारच्या बटणावरचा थेंब चाचपला, नाक लावून वास घेतला. कडेला त्याच्याच बोटाचा ठसा होता, काल घाईत उमटलेला. तो कोण पुन्हा उमटवणार? बाटली उशीखाली होती.

मग शाहीदने दुसरं काही केलं असेल. स्पीकरची वायर. ॲम्प्लिफायर. तो कुवेतला काय काय शिकून आला असेल कोण जाणे. मुबारक गाडीमागे गेला, तिथल्या फळीवरचा बझरचा खोका काढला आणि गाडीकडे पाठ करून मोजायला लागला. अकरा. बारावा कुठे गेला? मुका माल साहेबांच्या गाडीला बसवला की काय याने? आता पकडला. आता—

गुडघ्यांमागे काहीतरी टेकलं. तो खोक्यासकट पुढे पडला.

वळून पाहिलं तर गाडीचा बंपर. शाहीद एका हाताने थांबायची खूण करत होता, दुसऱ्या हाताची दोन बोटं तोंडात, गाल फुगलेले. निसीमसाहेब दार उघडून धावत आले, पांढरेफटक.

"लागलं का? अरे बझर बघायला मी गाडी मागे घेतोय, तो ठणाणा वाजतोय, शाहीद शिट्ट्या मारतोय, समोरचा उसाचा रसवाला रस थांबवून बघतोय, आणि तू ढिम्म! मला वाटलं, सरकशील आता, सरकशील आता."

"वाजत होता?"

"अजून वाजतोय!"

इंजिन बंद पडलं होतं, पण गिअर रिव्हर्समध्येच होता. मुबारक जमिनीवरून उठला नाही, तसाच सरकत बंपरपर्यंत गेला आणि बझरला बोट लावलं. बोटाला ते कळलं. टीं, थांब, टीं, थांब. बोटाच्या टोकाला मुंगीसारखं.

निसीमसाहेब त्याच्याजवळ उकिडवे बसले. "एक्स्चेंजमध्ये आमच्या ऑपरेटर मुली दिवसभर कानाला हेडफोन लावायच्या. हे असंच व्हायचं. आधी वरचे आवाज जातात. ढोल ऐकू येतो, म्हणून माणसाला वाटतं कान ठणठणीत आहे. शिट्टी वाजते का रे कानात?"

मुबारकने बझरवरचं बोट काढून कानाशी नेलं. तीन गाड्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. जे ऐकू येत नव्हतं ते तो प्रत्येक गाडीत वर चढवत गेला होता. दाभण त्यानेच घुसवलं होतं. मग रिक्षातला म्हातारा आठवला, आणि नाक्यापासून वाजणारा तो हॉर्न.

"तुला माहीत होतं?" त्याने शाहीदला विचारलं.

"बिल्कीसआपाला आधी कळलं. सांगायचं कसं, तेच बोलत होतो. तुम्ही ऐकून घेतलं असतं?"

"आणि तो म्हातारा? काशिरामच्या रिक्षातला?"

"वाचला. आयसीयूत होता चार दिवस."

शाहीदने हात पुढे केला. त्याच हातात चावी होती. पाठ केलेलं वाक्य मुबारकच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. तो हात धरून उठला, गाडीत निसीमसाहेबांच्या शेजारी बसला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणाला, "तू लाव."

शाहीदने थेंब नखाने फोडला. चार हजारचं बटण खाली आणलं. आणखी खाली. मुबारकला गाणं होतं तसंच ऐकू येत होतं. शाहीद बरोबर जागी थांबला की मुद्दाम भलतीकडे, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. पुन्हा कधीच नसणार होता. म्हणून त्याने बटणाकडे बघणं सोडलं आणि निसीमसाहेबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरची आठी हळूहळू मोकळी झाली. साहेबांची बोटं गुडघ्यावर ताल धरायला लागली.

शाहीद पेटीवर वाकून काहीतरी बोलला.

"इकडे बघून बोल," मुबारक म्हणाला.