मादीचा रकाना

काजव्याच्या नव्या जातीचं वर्णन लिहायचं म्हणजे निम्मी हमालीच असते, असं गुरुबसप्पा सर गमतीनं म्हणत. लातुरात तेव्हा क्लासेसचं पीक आलं होतं. भोकर, अर्धापूरकडची पोरं डॉक्टर व्हायला येत आणि सर त्यांना पहाटेपासून जीवशास्त्र पाजत. उरलेल्या वेळात घरच्या टेबलावर भिंगाखाली काजव्याच्या पायांची पेरं मोजत बसत. पाठीची पिवळी कड, पंखांची लांबी, पोटाच्या शेवटच्या दोन वळ्यांतला उजेड, असं नराचं सगळं लिहून झालं होतं. ही जात आजवर कुणी नोंदलेली नव्हती, आणि तिच्या शास्त्रीय नावात गेलेल्या लेकीचं नाव घालायचं त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. फक्त मादीचा रकाना कोरा होता. ती बहुधा उडत नसावी. दगडांच्या फटीत बसून वरून जाणाऱ्या नराला उजेडानं उत्तर देत असावी, असा त्यांचा कयास होता.

हे काजवे सापडत ते सरांच्या जुन्या गावात. गाव म्हणजे आता नुसते दगडांचे ढिगारे आणि बाभळी. भूकंपानंतर माणसं तीन किलोमीटरवरच्या नव्या वसाहतीत राहायला गेली, आणि जुन्या जागेचा दगड कुणी उचलत नाही, कुंपणालासुद्धा नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्या रात्री सर आणि त्यांची बायको दानम्मा लातुरात भाड्याच्या खोलीत होते, आणि नऊ वर्षांची सुकन्या गणपती बुडवायला म्हणून गावी आजीपाशी राहिली होती. भर पावसात दोघं गावी पोचले तेव्हा आजी सापडली होती. तिच्याशेजारी चादरीत गुंडाळलेलं एक लहान पोर होतं, हिरव्या परकराचा काठ बाहेर आलेला, सुकन्याला सणाला घेतला होता तसाच. सरांनी काठ पाहिला आणि चादर उघडायचा त्यांना धीर झाला नाही. त्या सणाला निम्म्या गावानं एकाच दुकानातून तोच कपडा घेतला होता, हे त्यांना पुढे फार उशिरा आठवलं. ढिगाऱ्यावर चढलेल्या जवानानं विचारलं, अजून कुणी आत आहे का? "न्हाई," सर म्हणाले, "आमची सापडली." जवान पुढच्या घराकडे गेला. लिंगायतांत माणसाला मातीत ठेवतात. पण त्या दिवशी खड्डे खणायला हात कुठे होते? सगळ्यांबरोबर तेही पोर सरणावर गेलं. लेकीला माती मिळाली नाही, एवढीच सल सर अकरा वर्षं उराशी घेऊन जगत होते.

यंदा भाद्रपदात ते रियाजला घेऊन गेले. रियाज उदगीरचा, त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा. उजेडातलं अंतर मोजायला त्यानं स्टॉपवॉच आणलं होतं. दिवेलागणीला नर उडू लागले, थांबून थांबून एकेक उजेड टाकत. आणि सरांच्या घराच्या ढिगाऱ्यातून, खालून, उत्तर आलं.

"सर, मादी!" रियाज कुजबुजला आणि मोजत राहिला. "तीन... थांबली... दोन. परत तेच. तीन, मग दोन. असं कुठंच वाचलं न्हाई मी."

पूर्वी संध्याकाळच्या एसटीनं फाट्यावर उतरून ज्वारीतून चालत येताना सर टॉर्च एकदा लावत, आणि घराच्या माळवदावर उभी असलेली सुकन्या तिच्या टॉर्चनं उत्तर देई, तीनदा आणि मग दोनदा. घराबाहेर ही खूण कुणाला ठाऊक नव्हती. झोपतानाही टॉर्च तिच्या उशाशी असे.

सरांनी खिशातला टॉर्च काढून एकदा लावला. उडणारे नर सगळे एकदम विझले. दगडांखालून तीन उजेड आले. मग दोन.

"दगड उचलू का सर? कशाला थांबून राहिले?"

"उद्या," सर म्हणाले.

उद्याचा परवा झाला. रोज क्लास सुटला की ते जात, टॉर्च लावत, उत्तर घेत आणि परतत. दगडाखाली किडा निघाला तर लेकीचा उजेड तिथंच संपणार होता. आणि किडा नाही निघाला तर? त्यापुढचा विचार त्यांच्यानं करवत नसे. उजेड रोज थोडा पिवळा, थोडा मंद होत गेला, सेल उतरलेल्या टॉर्चसारखा. दहाव्या दिवशी उत्तर आलं नाही. तेव्हा कुठे सरांनी दगडाला हात घातला. त्यांनी आणि रियाजनं मिळून गुडघाभर खोल उकरलं. खाली नुसती माती होती.

घरी दानम्मानं ताट वाढलं. टेबलावरच्या कागदांना ती कधी हात लावत नसे. आज तिनं नोंदवही वाचली होती.

"नऊ दिवस उजेड दावत हुती?"

"हाव."

"अन्नपाण्याबिगर?"

"ती काही खात नसावी. अंगात हाय तेवढ्यावरच राहती."

"त्या जवानानं दोनदा इचारलं हुतं," दानम्मा म्हणाली. "दोन्ही डाव तुमी न्हाई म्हनलात."

ताट निवत होतं. सर उठून टेबलापाशी गेले आणि त्यांनी पेन उघडलं. कागदावर सगळ्यात वर, जातीच्या नावात, लेकीचं नाव होतं. खाली मादीच्या रकान्यात त्यांनी सावकाश, नीट अक्षरात लिहिलं : सापडली नाही.