पुन्हा शून्य

"वीस झाले होते," बाबा म्हणाले, "आणि ह्या फोननं शून्य दाखवलं. म्हणून मग पहिल्यापासून चाळीस केले."

त्यांचा गुडघा मळलेल्या कणकेसारखा फुगला होता.

"अहो बाबा, वीस झाल्याचं आठवत होतं ना? मग पुढचे वीसच करायचे!"

"आठवण माझी. आकडा यंत्राचा."

बाबा गवंडी. डोळ्याला भिंत सरळ दिसली, पण दोरीला टांगलेल्या ओळंब्यानं नाही म्हटलं, तर त्यांनी भिंत उतरवली. जन्मभर हेच.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सकाळ-संध्याकाळ चाळीसदा पाय उचलायचा होता. वीस उताणं, वीस कुशीवर. एक कमी नको, एक जास्त नको, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. पण कळ आली की बाबा मोजणी विसरत. म्हणून मी ॲप लिहिलं, माझं पहिलंवहिलं. एक मोठं बटण, वर एक आकडा. पाय उचलला की बटण दाबायचं. बस्स.

चार दिवस ते चाळीसच्या जागी साठ करत होते. शुक्रवारी तपासणी. तोवर सूज उतरून गुडघा वाकला नाही, तर भूल देऊन वाकवावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तीन महिने शिकतेय," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि चाळीसपर्यंत आकडे येईनात! बालवाडीत घालू का?"

मी टेबलाशी बसले. चाळीस वेळा दाबलं, चाळीस. ऐंशी वेळा दाबलं, ऐंशी. बोट दुखलं, चूक दिसली नाही. वीस हा आकडा तर मी कोडमध्ये कुठंच लिहिला नव्हता. मग विसालाच का? ओळी खोडल्या, पुन्हा लिहिल्या. जिथं चूक नव्हती तिथं नवी पेरली, आणि स्क्रीनभर लाल अक्षरं उगवली. ती उपटता उपटता दुपार गेली. पुन्हा दाबलं. चाळीस. माझ्यापुढं गुणाचं, पाठ फिरली की बेणं!

"राहू दे, बाळ," बाबा हळूच म्हणाले. "सगळ्यांना सगळं जमत नसतं."

आईचा टोमणा परवडला असता. फोन घेतला आणि बाबांच्या शेजारी अंग टाकलं. छताकडं बघत रागानं बटण दाबत राहिले. पाच, सहा, सात. मग त्यांना डोळे दिसू नयेत म्हणून भिंतीकडं कूस बदलली.

फोनचा पडदा लुकलुकला. आडवा झाला. शून्य.

"बघ!" बाबा कोपरावर उठले. "आता तुझ्यादेखत केलं!"

मी उठून बसले. सात दाबले. कुशीवर आडवी झाले. शून्य. टेबलाशी माझा फोन कधी कुशीवर वळलाच नव्हता; बाबा मात्र विसाला कुशीवर वळत, आणि शून्य दिसलं की तसेच पडून चाळीस करत. फोन आडवा झाला की तो जुनं पान टाकून नवं मांडतो, आणि आकडा जपून ठेव, असं मी त्याला कुठंच सांगितलं नव्हतं.

"पण आडवं झाल्याचं त्याला कळतं कसं?"

"आत ओळंब्यासारखं काहीतरी असतं, बाबा."

त्यांनी फोन हातात घेऊन उभा-आडवा करून पाहिला.

"म्हणजे ओळंबा बरोबर आहे."

"हो."

"चूक गवंड्याची."

"हो बाबा, गवंड्याची."

"मग उतरव भिंत. रडतेस काय?"

आकडा जपायची ओळ लिहिली. लाल. बदलली. तरी लाल. संध्याकाळच्या व्यायामाची वेळ झाली, तेव्हा फोन बाजूला ठेवला आणि त्यांच्या उशाशी स्टुलावर बसून मीच मोजू लागले. वीस झाले, बाबा कुशीवर वळले. एकवीस. बावीस. बत्तिसाला ती लाल ओळ डोळ्यांपुढं आली आणि मी अडखळले.

"तेहेतीस!" आई आतून ओरडली. "लक्ष कुठाय तुझं?"

चाळिसाला बाबांनी पाय खाली ठेवला. फोनकडं नाही, माझ्याकडं पाहिलं, आणि पाय पुन्हा उचलला नाही.