वरच्या मजल्यावरचं बटर

धाकट्या जावेच्या लेकीने सलग चौथ्या दिवशी ब्रेडचा घास तोंडातून काढून ताटलीत ठेवला. "वास येतो," ती म्हणाली, खुर्चीवरून घसरली आणि जिना चढून काकूकडे गेली. साडेतीन वर्षांची पोर, पण पाय कसे सवयीने पडत होते.

वर थोरली जाऊ राहायची. थोड्याच वेळात वरून चमच्याचा आवाज आला, मग दोघींचं हसू.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ब्रेड एकाच दुकानातला, बटरही त्याच कंपनीचं. मग आईच्या हातचं नकोसं आणि काकूच्या हातचं गोड, हे कसं?

"कुठेतरी खाते ना? पोट भरल्याशी कारण," नवरा मोजा चढवत म्हणाला.

"तुमचं भरलं का?"

नवऱ्याने शहाण्यासारखं दुसरा मोजा शोधायला घेतला.

धाकटीच्या मनात मात्र वेगळंच शिजत होतं. वहिनींचं बटर टेबलावर, झाकणाच्या भांड्यात, बाहेरच असतं हे तिने कधीच हेरून ठेवलं होतं. आपण फ्रीजमध्ये ठेवतो, त्या बाहेर ठेवतात. जंतू, बुरशी, पोरीचं नाजूक पोट, आजवर वाचलेलं सगळं तिला एका दमात आठवलं. एकदा ते खवट निघू दे, की वर जाणं बंद, आणि वाईटपणाही आपल्याकडे यायचा नाही. काळजी होतीच. पण काळजीच्या आडोशाला कोण उभं आहे, हे तिचं तिला ठाऊक होतं.

दुपारी थोरली गच्चीवर कपडे वाळत घालत होती. उसनी वाटी परत करायचं निमित्त करून धाकटी वर गेली. झाकण उचललं, बोट घातलं.

बोट तोंडात असतानाच मागून आवाज आला, "चमचा देऊ?"

"नाही, म्हणजे, बाहेर असतं ना वहिनी. खराब तर नाही झालं, बघत होते."

"मग? झालंय?"

खोटं बोलायची फार इच्छा होती. पण जिभेवरची चव ताजी, लख्ख होती. "नाही," धाकटी पुटपुटली.

थोरलीने रिकामी बादली खाली ठेवली. "बाहेर असतं ते दोन दिवसांपुरतं, तेही थंडी आहे म्हणून. उन्हाळ्यात तेवढंही नाही." तिने फ्रीज उघडला. मागच्या कप्प्यात घट्ट झाकणाचा डबा होता आणि फ्रीझरमध्ये काडेपेटीएवढ्या वड्या, प्रत्येक नीट गुंडाळलेली, वर तारीख. "तुझं कुठे असतं?"

"फ्रीजच्या दारात."

"ते दार दिवसातून पन्नासदा उघडतं. आणि शेजारी काय?"

धाकटीला अर्धा चिरलेला कांदा आठवला. बटरचं फाटकं वेष्टनही आठवलं.

"बटर चहाडखोर असतं बाई. शेजाऱ्याचं सगळं उचलतं. सुरी तरी कोरडी असते का? ब्रेडचा चुरा आत गेला की बुरशीला आवतण."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"न विचारता सांगितलं असतं, तर तुझ्या पोटात दुखलं असतं."

ते खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

संध्याकाळी धाकटीने अख्खा फ्रीज उपसला. कांदा गेला डब्यात. नवं बटर कापून, गुंडाळून फ्रीझरमध्ये गेलं, चार दिवसांपुरतं काचेच्या डब्यात मागच्या कप्प्यात. सकाळी तिने ते जरा आधीच बाहेर काढलं आणि स्वच्छ सुरीने ब्रेडला लावलं.

लेकीने एक तुकडा खाल्ला. दुसरा खाल्ला. धाकटी तिचा एकेक घास मोजत होती.

"वास येतो?"

"नाही."

धाकटीने छताकडे असं पाहिलं, जणू वरचीला ते दिसणारच होतं.

मग पोर खुर्चीवरून घसरली, तिसरा तुकडा दोन्ही हातांत धरला आणि जिन्याकडे निघाली.

"आता कशाला? पोट भरलं ना?"

"भरलं."

"मग?"

"काकू एकटीच खाते," पोर म्हणाली आणि पहिल्या पायरीवर चढली.

'थांब' म्हणायला धाकटीने तोंड उघडलं. पोर आपणहूनच थांबली, वळून आईकडे बघू लागली. तुकडा वाकला होता, बटर बोटांवर आलं होतं.

"दोन्ही हात अडकलेत, पडशील. आण इकडे." धाकटीने तुकडा ताटलीत घेतला, दुसऱ्या हाताने लेकीचं बोट धरलं आणि जिना चढू लागली. वर गेल्यावर ही ताटली वहिनींपुढे आपणच ठेवायची, लेकीला ठेवू द्यायची नाही, हे तिने पहिल्याच पायरीवर ठरवून टाकलं होतं.