उभ्या गाडीतलं पाणी

पियूष देवपुजारीची लाल गाडी आठवडाभर घरापुढच्या शेडमध्ये उभी असायची. तो एका सोलर कंपनीत सर्व्हेच्या कामावर होता. कंपनीची जीप त्याला सकाळीच घाटंजीकडे घेऊन जायची आणि दिवेलागणीला यवतमाळात आणून सोडायची. रविवार मात्र गाडीचा. गाडी टर्बोची, पुण्याच्या एका शौकिनानं ताकद वाढवून वापरलेली. कळंबच्या मोकळ्या रस्त्याला लागून तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची आणि पियूषचा आठवडा वसूल व्हायचा.

दिवाळीनंतर असा पाय दाबला की मागून निळसर धूर निघायला लागला. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत जमीरचं गॅरेज होतं. जमीर पियूषपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, आणि जोरात पळणाऱ्या गाड्यांचं वेड दोघांनाही सारखंच. त्यानं टर्बोकडे जाणारा पाइप सोडवला आणि त्यात बोट फिरवून पियूषला दाखवलं. बोट तेलानं माखलं होतं.

कोणत्याही इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडी जळालेली हवा खाली तेलाच्या भागात उतरतेच. ती कोंडून राहिली तर सीलमधून तेल बाहेर ढकलते. म्हणून तिला बाहेर पडायला ब्रीदर पाइप असतो, आणि तो ती तेलकट वाफ परत इंजिनाच्या हवेच्या वाटेत सोडतो. साध्या गाडीला एवढं पुरतं. ताकद वाढवलेल्या इंजिनात मात्र वाफही जास्त, तिच्यासोबत तेलही जास्त, आणि तेच तेल जळून धूर होतो. जमीरनं वाटेत ॲल्युमिनियमचा एक डबा बसवायचं ठरवलं. डब्यात जाळी असते. वाफ जाळीवर आपटते, तेल खाली साचतं आणि नुसती हवा पुढे जाते. पाइप त्यानं मोठ्या तोंडाचे घातले आणि डबा थेट समोर, वारा लागेल अशा जागी बसवला. डबा गार राहिला तर तेल चांगलं जमतं, यावर दोघांचं एकमत झालं.

पहिल्याच रविवारी धूर बंद झाला. डब्याच्या बुडाशी चमचाभर काळं तेल होतं. पियूषनं त्याचा फोटो काढून ठेवला.

मग थंडी पडली. पुढच्या रविवारी त्यानं डबा उघडला तर आत तेल नव्हतंच. दूध जास्त झालेल्या कॉफीसारखं काहीतरी होतं, आणि ते वाकडं करून ओतलं तर खालून पाणी निघालं. त्यानं इंजिनात तेल टाकायचं झाकण उघडलं. झाकणालाही आतून तसाच पिवळसर फेस चिकटलेला.

तो गाडी तशीच हळूहळू चालवत लोहाऱ्याला घेऊन गेला. जमीरनं तो फेस दोन बोटांत चोळून पाहिला.

“पाणी आहे भाऊ हे,” तो म्हणाला. “तेलात पाणी गेलं की असंच होते.”

पाणी इंजिनात यायची वाट एकच दोघांना ठाऊक होती. इंजिन थंड ठेवणारं कूलंट फुटक्या हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या पट्टीतून, आत झिरपतं, ती. पण कूलंटची बाटली काठोकाठ होती. जमीरनं चारही सिलिंडरचं प्रेशर तपासलं, तेही चांगलं निघालं. गॅस्केट गेलं असेल तर हे बरं कसं, आणि गेलं नसेल तर पाणी कुठून, हे काही जुळेना. शेवटी जमीरनं डबा पुसून कोरडा केला, कूलंटच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारली आणि गाडी काही दिवस अजिबात चालवू नको म्हणून सांगितलं.

पियूषनं गाडीला हात लावला नाही. आठवड्याच्या मध्यावर एका संध्याकाळी त्यानं सहज डबा उघडला, तर आत पुन्हा तेच पांढुरकं पाणी. बाटलीतलं कूलंट रेघेला तसंच टेकलेलं.

त्यानं टॉर्च आणून आत पुन्हा पाहिलं. चालत्या इंजिनात पाणी गेलं तर समजू शकतं. उभी गाडी पाणी कशी टाकेल?

जेवताना त्यानं घरात विचारलं. त्याचे वडील नरहरराव ट्रेझरीतून निवृत्त झालेले. ताटावरून नजर न उचलता ते म्हणाले की आपण स्कूटरशिवाय कशालाच हात लावत नाही. आई, रजनीताई, वाढता वाढता थांबल्या. गाडीला नेमकं काय झालं, असं त्यांनी विचारलं. पियूषनं थोडक्यात सांगितलं, की इंजिन बहुतेक आतून फुटलंय.

“कोणी चालवल्यानं फुटते का रे तसं?”

“कोणी चालवलीच नाही ना, आई. तेच तर समजत नाही.”

त्या भाताचं भांडं घेऊन आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

इंटरनेटवर पियूषनं जितकं वाचलं तितका तो गोंधळत गेला. एकानं म्हटलं होतं, इंजिनाच्या ब्लॉकला बारीक तडा असेल तर इंजिन गार असतानाच पाणी झिरपतं. हे वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. उभ्या गाडीचं कोडं त्यानंच सुटत होतं. कूलंट रेघेच्या खाली का गेलं नाही, हे मात्र सुटत नव्हतं. जमीरलाही तेच पटलं, आणि दोघांनी मिळून इंजिन उघडायचं ठरवलं.

गाडी लोहाऱ्याला असताना रजनीताई रोज संध्याकाळी विचारायच्या, काही समजलं का, दुरुस्त होईल ना. त्यांनी याआधी कधी गाडीची चौकशी केली नव्हती. पियूषला वाटलं, आपला चेहराच एवढा उतरला असेल.

इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, निघाला. गॅस्केट अखंड होतं. लेथवाल्याकडे नेऊन हेड सपाट आहे का तेही पाहिलं, सपाट होतं. ब्लॉकवर केसाएवढी रेघ नव्हती. जमीर बाजूच्या टायरवर बसला आणि हातातलं गॅस्केट उलटसुलट करत राहिला.

“मले काही समजून नाही राह्यलं, भाऊ,” तो म्हणाला. “याच्यात कायीच नाही.”

उघडलंच आहे म्हणून नवीन गॅस्केट टाकून त्यानं इंजिन बंद केलं. आणि गंमत म्हणजे त्यानंतर आठवडाभर डबा कोरडा राहिला. जमीर म्हणाला, जुन्या गॅस्केटमध्येच काहीतरी असेल, आपल्याला दिसलं नसेल. पियूषनंही तसंच मानून घेतलं. पुढच्या आठवड्यात डब्यात पुन्हा दूध जमलं. या वेळी त्यानं जमीरला फोनही केला नाही. काय सांगणार होता?

मग एके दिवशी घाटंजीकडच्या एका गावात मोजणीवरून भांडण झालं, काम थांबलं आणि जीप सकाळीच परत फिरली. पियूष घराच्या कोपऱ्यावर उतरला. फाटक उघडं होतं आणि शेड रिकामं.

त्याला आधी वाटलं आपण चुकीच्या घरापुढे उभे आहोत. मग वाटलं, जमीरनं नेली असेल. त्यानं फोन लावला. जमीर म्हणाला मी तर गॅरेजमध्ये आहे, गाडीचं काय झालं? पियूषनं फोन ठेवला. नरहरराव फाटकाआड खुर्ची टाकून बसले होते. पियूषला बघून ते उठले, पुन्हा बसले.

“बाबा, गाडी चोरीला गेली,” पियूष म्हणाला.

“नाही नाही,” नरहरराव म्हणाले. “येतेच आहे.”

घरामागे नवीन लेआउट पडलं होतं. रस्ते आखलेले, घरं एक-दोनच. तिकडून टर्बोचा ओळखीचा आवाज आला, पण अगदी दबकत, पहिल्याच गिअरमध्ये. लाल गाडी वळणावरून निघाली. ती दोनदा दचकली, सरळ झाली आणि फाटकाच्या थोडी अलीकडे येऊन बंद पडली. स्टिअरिंगवर आई होती. बाजूच्या सीटवर शेजारच्या मोतीबाई राठोड, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या. पोरं शाळेत पोचवून त्या याच वेळी रिकाम्या व्हायच्या.

आधी मोतीबाई उतरल्या. “तुमचा क्लच लई कडक आहे, दादा,” एवढंच म्हणून त्या बाजूला झाल्या.

रजनीताई उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून त्यांनी काचेतून विचारलं, “माह्यानंच बिघडली न रे?”

रिकामं शेड पाहिल्यापासून चोराला द्यायच्या शिव्या पियूषच्या तोंडापर्यंत आलेल्या होत्या. त्यांचं आता काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. त्यानं विचारलं, तुला कुठं जायचं असतं का, कुणाकडे?

“कुठं नाही. चालवता यावी, बस.”

“मग सांगितलं काहून नाही?”

“दिवाळीत इचारलं होतं तुले. तू म्हणाला, ही गाडी शिकायची नाही.”

त्यानं आठवून पाहिलं. दिवाळीतला फराळ आठवला, गाडीचा धूर आठवला. आईनं असं काही विचारल्याचं आठवेना. ती खोटं बोलत नव्हती हे मात्र दिसत होतं. इंजिन उघडून गाडी परत आली तेव्हा तिनं आठवडाभर गाडीला हात लावला नाही, असं नरहरराव मागून सांगत होते; रोज सकाळी फाटक उघडून देणारे तेच होते.

लोहाऱ्याला जायला पियूषला लाज वाटत होती, तरी तो गेला. जमीर ऐकून हसला नाही. ताई किती लांब जायच्या, कोणत्या गिअरमध्ये, हे त्यानं नीट विचारून घेतलं. थंडीच्या सकाळी दोन-तीन चकरा, आणि इंजिन गरम व्हायच्या आत बंद. पेट्रोल जळताना थोडी पाण्याची वाफ होतेच; इंजिन तापलं की ती निघून जाते. न तापता बंद केलं तर ती गार जागी पाणी होऊन बसते. आणि गार जागा त्यांनीच तिला करून दिली होती, समोर वाऱ्याला डबा लावून. जमीरनं डबा काढून इंजिनाच्या मागच्या बाजूला, उबेत बसवला. तरीही आधी, बिना डब्याच्या काळात, ती वाफ कुठं जात होती आणि तेव्हा काही बिघडलं कसं नाही, यावर ते दोघं चहा संपेपर्यंत बोलत राहिले, आणि पक्कं काही ठरलं नाही.

घरी आल्यावर पियूषनं आईला सांगितलं की चालवायची तर जरा लांब चालव, इंजिनाला तेच बरं असतं. रजनीताईंनी त्याच्याकडे संशयानं पाहिलं. हा आपल्याला रागावतोय की परवानगी देतोय हे त्यांना समजलं नसावं. खरं म्हणजे त्यालाही समजलं नव्हतं.

रविवारी कळंबला चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला जायचं ठरलं. पियूष सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेला, मग मागे सरला आणि बाजूच्या दाराशी आला. तिथं मोतीबाई आधीच बसल्या होत्या. रजनीताईंनी मान वळवली.

“तू मागं बस,” त्या म्हणाल्या. “तू बाजूले असला की मले भेव वाटते.”

नरहरराव मागच्या सीटवर एका बाजूला सरकले. पियूष त्यांच्या शेजारी बसला. आपल्या गाडीत मागं तो पहिल्यांदाच बसत होता, आणि गुडघे ठेवायला जागा किती कमी आहे ते त्याला तेव्हा कळलं. पुढं मोतीबाई म्हणाल्या, आता हळू सोडा ताई, हळू. गाडी एकदा दचकली आणि कळंबच्या रस्त्याला लागली.