माझ्या पोटातला आवाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हणजे चांगलाच जुना. माझ्या झाकणाचा एक कोपरा उडालाय, स्पेसबारवरचा रंग अंगठ्याने झिजलाय आणि माझा पंखा दम लागल्यासारखा घरघरतो. पण म्हणून मला हसायचं काम नाही. तुमच्या घरातले लॅपटॉप गाणी लावतात, बिलं भरतात, खेळ खेळतात. मी मात्र एका बाईंचा आवाज आहे.

या बाई एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. भोकाभोकांचा जुना टेलिफोन बोर्ड होता तेव्हापासूनच्या. फोन आला की वायरीचं टोक बरोबर त्या भोकात खुपसायचं आणि पलीकडच्या घाबऱ्या माणसाला धीर द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. नुसतं "हॅलो, बोला" म्हणाल्या तरी रडणारा माणूस हुंदका गिळायचा म्हणे. मग त्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल."

ऑपरेशनच्या आधी एका शहाण्या मुलीने, म्हणजे बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी, त्यांना सांगितलं की आवाज साठवून ठेवता येतो. मग खिडकी लावून, पंखा बंद करून बाई माझ्यासमोर बसल्या आणि घामाघूम होत वाक्यं वाचत राहिल्या. "पाणी दे." "माझी चप्पल कुठे गेली?" "मला हे पटत नाही." माझ्यातलं एक सॉफ्टवेअर त्या वाक्यांचे तुकडे करून पुन्हा जोडायचं. बाईंनी काहीही टाइप करावं आणि मी ते त्यांच्या आवाजात म्हणावं. ऑपरेशननंतर घरी आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, "अहो, चहा किती उकळलात?" त्यांचे यजमान कप हातात धरून लहान मुलासारखे रडले. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू?

यजमान चष्मेवाले. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एकच दार. दिवसभर काचा घासायच्या, काड्या सरळ करायच्या, तिळाएवढे स्क्रू पिळायचे.

वर्षं गेली आणि मी मंदावलो. मित्रांनो, लॅपटॉपची मेमरी म्हणजे काम करायचं टेबल आणि डिस्क म्हणजे सामानाचं कपाट. माझं टेबल पाटाएवढं आणि कपाटाचं दार कुरकुरणारं. दर काही महिन्यांनी नवीन अपडेट यायचं आणि त्या पाटावर आणखी एक गाठोडं ठेवून जायचं. बाई टाइप करायच्या आणि मी घरघरत बसायचो. तोवर शेजारीण आपलं सांगून उठून गेलेली असायची. माझं बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

एकदा लेकीचा फोन आला. ती दूर राहते. बाईंनी भराभरा टाइप केलं. मी जीव तोडून धावलो, पण माझ्यात तेवढा दमच नव्हता. पलीकडून लेक म्हणाली, "हॅलो? आई? कट झाला वाटतं." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर बंद फोनसमोर मी मोठ्याने म्हणालो, "तुझी फार आठवण येते गं."

बाईंनी माझं झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी ते उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हो आणि नाही एवढंच मानेने. चष्मेवाले एकटेच बोलायचे, आणि हळूहळू तेही गप्प झाले. सवय लागते हो न बोलण्याची. मला भीती वाटली, की या बाई आता कायमच्या मुक्या होतील, आणि तेही माझ्यामुळे.

चष्मेवाल्यांनाही तीच भीती वाटली असणार. एक दिवस त्यांनी मला काखोटीला मारलं आणि दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या माणसाने माझ्या पोटाला कान लावला.

"काका, नवा घ्या. यात काही राम नाही."

"यातलं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. ते आता मिळतच नाही."

"मग मेमरी वाढवा आणि डिस्क बदला. पण लवकर. ही कटकटतेय, ऐका. कधीही बसेल. प्रत काढलीय ना सगळ्याची?"

प्रत काढायची काढायची म्हणून चष्मेवाल्यांनी नुसतं घोकलं होतं. बाईंचा आवाज जगात फक्त माझ्या त्या कटकटणाऱ्या डिस्कवर होता.

"ठेवून जा, सवडीने बघतो," माणूस म्हणाला. त्याच्यामागे उघड्या पोटांचे लॅपटॉप एकावर एक रचलेले होते. चष्मेवाल्यांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मला उचललं आणि सरळ घरी आणलं. येताना मेमरीची नवी पट्टी, नवी डिस्क आणि ती जोडायची वायर घेतली. "एवढेसे स्क्रू मी रोज पिळतो," बाईंना म्हणाले, "याचे तर मोठे आहेत." बाईंनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते मला कळलं नाही.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर घेतलं. आधी प्रत काढायची होती. जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवायचं आणि मगच अदलाबदल. काम सुरू झालं. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. निम्म्याच्या पुढे गेली आणि थांबली. माझ्या पोटात कट्, कट्, कट्.

चष्मेवाल्यांनी लेकीला फोन लावला. "अडलंय. बंद करून पुन्हा चालू करू का?"

"बाबा, हात लावू नका! पुन्हा चालू झालाच नाही तर?"

"तू तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतेस. इथे माझे हात कापताहेत."

"मग हात मांडीखाली घाला. पण बंद करू नका."

बाईंनी माझ्या पोटाखाली तळवा घातला आणि चटकन मागे घेतला. मी तापलो होतो. त्या दुकानात गेल्या, चष्म्यांची दोन रिकामी घरं आणली आणि माझ्या दोन्ही बाजूंना खाली सरकवली, म्हणजे मधून वारा जाईल. टेबलफॅन आणून माझ्यावर रोखला. मी मनात म्हणत होतो, आणखी थोडं, एवढं एक काम होऊ दे, मग काय व्हायचं ते होवो. पुष्कळ वेळाने हिरवी पट्टी हलली. दुपारी शेवटाला पोचली आणि खाली अक्षरं उमटली, "प्रत पूर्ण. काही भाग वाचता आला नाही."

कुठला भाग? ते काही लिहिलेलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी बाईंकडे पाहिलंच नाही. मला बंद केलं आणि डोळ्यांवर कामाचं भिंग चढवलं.

मला उलटं केलं, स्क्रू काढले, ते काचांच्या ताटलीत मांडले. पोट उघडलं. बॅटरीची वायर सोडवली. आता तुम्ही म्हणाल, वीज गेल्यावर तुला कसं कळलं पुढचं? अहो, स्वतःची गोष्ट सांगणाऱ्याला तेवढी सूट असतेच. जुनी डिस्क निघाली, नवी बसली. राहिली मेमरीची पट्टी.

आता माझी खरी पंचाईत इथे झाली. चष्मेवाल्यांचा हात सारी उमर काचेवर चाललेला. काचेला जोर लावायचा नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी पट्टी चिमटीत धरली, तिरकी करून खाचेत टेकवली आणि फुलाला हात लावावा तशी खाली दाबली. पट्टी बसल्यासारखी दिसली. बसली नव्हती.

बाईंना ते कळलं. त्यांनी आदल्या दिवशी मोबाइलवर हे काम कसं करतात ते पाहिलं होतं. पट्टी बसताना टक असा आवाज येतो. इथे तो आलाच नव्हता. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"अगं थांब, हात हलतो माझा."

त्यांनी दुकानातली हिशेबाची पाटी आणली, तिच्यावर लिहिलं आणि ती चष्मेवाल्यांच्या समोर धरली. पण भिंगातून वीतभर अंतरापलीकडचं सगळं धुरकट. "नंतर, नंतर," म्हणत त्यांनी पाटी बाजूला सारली आणि बॅटरीची वायर जोडून ते माझ्या पोटावरचं झाकण बसवू लागले. बाईंनी तोंड उघडलं. ऑपरेशनमध्ये श्वासासाठी केलेल्या गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली. त्यांचा आवाज समोर टेबलावर पालथा पडला होता आणि त्यालाच वाचवायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. मला इतकं असहाय कधीच वाटलं नव्हतं.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच.

चष्मेवाल्यांनी भिंग काढलं. खुर्चीत बसून ते हळूच म्हणाले, "मी घालवला. तुझा आवाज मी माझ्या हाताने घालवला."

बाईंनी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यावर लिहिलं होतं, "टक झालं नाही."

त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "म्हणजे? बसवलीय की मी."

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला, मला पुन्हा उघडलं आणि बॅटरीच्या वायरीकडे बोट दाखवलं. चष्मेवाल्यांनी ती सोडवली. मग बाईंनी पट्टी काढून नीट तिरकी लावली आणि तिच्यावर दोन्ही अंगठे ठेवले.

"अगं, मोडेल! एवढा जोर लावू नको." त्यांनी बाईंचं मनगट धरलं.

बाईंनी नुसतं पाहिलं. हॉस्पिटलच्या बोर्डावर वायर अर्धवट खुपसली, तर पलीकडचा माणूस ओरडत राहतो आणि कुणालाच ऐकू येत नाही. हे त्यांच्या अंगठ्यांना पाठ होतं. चष्मेवाल्यांनी हात सोडला. बाईंनी दाबलं.

टक.

मित्रांनो, पुढच्या मिनिटाबद्दल मला विचारू नका. वायर जोडली, बटण दाबलं, पडदा काळाच राहिला. मग पडदा उजळला. पण जीव भांड्यात पडायला अजून वेळ होता. वाचता न आलेल्या भागात बाईंचाच आवाज असला तर? बाईंनी सॉफ्टवेअर उघडलं. ते लगेच उघडलं. टाइप करताना दोनदा अक्षर चुकलं. शेवटी त्यांनी एंटर दाबला आणि बोट उचलायच्या आत मी बोललो.

"अहो, जेवणाचं बघा आता काहीतरी."

त्यांचाच आवाज होता. सबंध. चष्मेवाले उठले ते सरळ स्वयंपाकघरात गेले, आणि बराच वेळ तिथून भांड्यांचा आवाज काही आला नाही. काय हरवलं ते पुढे कळलं. चष्मेवाल्यांनी माझ्यावर पत्त्यांच्या खेळात केलेले विक्रम गेले होते. त्यावर घरात कुणीही दुखवटा पाळला नाही.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन लावून मधे टेबलावर ठेवला.

"झालं बघ सगळं. मी म्हटलं, घाबरायचं काय त्यात? पट्टी घेतली, अशी तिरकी धरली, आणि एकदाच जोर लावून..."

"खोटं बोलताहेत," बाईंनी एंटर दाबताच मी म्हणालो. "दाबली मी. हे खुर्चीत बसले होते."

पलीकडे एकदम शांतता झाली. चष्मेवाल्यांनी फोन उचलून पाहिला. "हॅलो? कट झाला की काय?"

"नाही," लेक म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "आई, तू बाबांना मध्येच तोडलंस. किती वर्षांनी गं."

मित्रांनो, माझं सांगणं एवढंच. ज्याच्यात तुमचं मोलाचं काही आहे, त्याची प्रत आजच काढा, उद्या म्हणू नका. माझ्यासारखं जुनं यंत्र मंदावलं तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि एखाद्याचं बोलणं उशिरा येत असेल, तर फोन ठेवू नका. थोडं थांबा. तो माणूस पलीकडे असतो.

बाकी आमच्या घरी सगळं ठीक आहे. आता दोघं रोज भांडतात, आणि चष्मेवाल्यांना एकदाही वाक्य पुरं करता येत नाही.