कॅसेटवरचा दम

यादी इंग्रजीत टाइप केलेली होती आणि मेसच्या दारावर चिकटवली होती. म्हणजे ज्यांची नावं तिच्यात नव्हती त्यांना रोज जेवायला जाताना तिच्याखालूनच जावं लागणार. लावणाऱ्याच्या मनात तसं काही नसेल. पण साहेब लोकांच्या मनात नसलेल्या गोष्टीच आमच्या अंगावर येतात, हे मी बहारीनमध्ये आठ वर्षं बघत आलो होतो.

"वाच की पांडू," मागून कोणीतरी म्हणालं.

आमच्या सित्राच्या कॅम्पात इंग्रजी लावून वाचणारा मी एकटा. सातवी नापास, पण वायरमनचं काम करता करता खोक्यांवरचं वाचून शिकलेला. मी वाचायला लागलो. कबड्डीचा संघ, कामगार चषकासाठी. एकेक नाव वाचलं की तो तो माणूस शाळेत हजेरी दिल्यासारखा "हां" म्हणायचा. शंभूदा माझ्या खांद्याशी उभा होता. त्याचा श्वास मला कानाजवळ ऐकू येत होता. बारावं नाव नजीबचं निघालं. त्याच्याखाली कागद कोरा.

"फुडे?" शंभूदा म्हणाला.

"खलास."

"मागच्या बाजूक बघ."

मी खरंच कागदाचा कोपरा उचकटून मागं बघितलं. मागं चिकटपट्टी होती.

कोणी हसलं नाही. सहा जण गळले होते. पाच जणांनी शिव्या दिल्या आणि ते जेवायला गेले. शंभूदा जेवला नाही.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. सौदीला जायचा पूल तेव्हा अजून बांधत होते. आमचा संघ त्याआधी पाच-सहा वर्षं चालत आला होता, तो तुकारामदादांच्या जिवावर. तुकारामदादा सुतारांचे फोरमन. मैदान त्यांनीच केलं होतं. बांधकामावरची वाळू चाळून आणायची, मेसचं भांडी धुतलेलं पाणी मारायचं आणि अनवाणी तुडवायची. त्यांचा नियम एकच. जो शुक्रवारी मैदानावर आला तो संघात. अठरा गडी आळीपाळीनं खेळायचे. "हितं काय निवडून आलोय काय आपण?" असं दादा म्हणायचे. "जो आला त्याला घ्यायचं." आम्ही दर वर्षी पहिल्याच सामन्यात हरायचो आणि खुशीत परत यायचो.

ऑक्टोबरात त्यांचं काम संपलं आणि ते गावी गेले. कंपनीनं संघ हेमचंद्र साहेबांकडं दिला. हे इंजिनिअर, पुण्याचे, युनिव्हर्सिटीकडून खेळलेले. त्यांनी पहिल्याच शुक्रवारी दवाखान्यातला वजनकाटा आणला आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं. एकेकाला चढाईला पाठवून कोणाचा दम किती टिकतो ते वहीत लिहिलं. आम्हाला वाटलं, गंमत आहे. जनावरांच्या बाजारात जनावरालाही तसंच वाटत असेल.

आता शंभूदाला त्या यादीचं एवढं का लागलं ते सांगतो, कारण चषकाबिषकाचं त्याला काही नव्हतं.

त्याचा बाप, सगळे त्याला आबा म्हणायचे, तिकडं मालवणाजवळच्या गावात. आपल्या काळातला नावाजलेला गडी. आता दोन्ही डोळे गेलेले. त्यानंच शंभूदाला दम शिकवला होता. पोरगा शेतात "कबड्डी कबड्डी" म्हणत पळायचा आणि बाप बांधावर बसून बोटं आपटत मोजायचा. शंभूदा इकडं आल्यावर पत्र लिहायची पंचाईत. आबांना दिसत नाही, शंभूदाला लिहायचा कंटाळा. मग आमच्याकडं सगळ्यांचीच रीत होती तीच त्यानं धरली. टू-इन-वनवर कॅसेट भरायची आणि सुट्टीवर जाणाऱ्याबरोबर पाठवायची. बाकीचे बायकोशी बोलायचे, पोरांना अभ्यास करा म्हणून सांगायचे. शंभूदा मशीन मैदानाच्या कडेला ठेवायचा, "आबा, चाललंय मी," असं म्हणायचा आणि चढाईला जायचा. दर कॅसेटवर एक चढाई. तिकडं त्याची बायको रखमा ती लावायची आणि म्हातारा खाटेच्या कडेवर बोटांनी मोजायचा. मोजून झालं की म्हणायचा, "बरो आसा." पोरगा ठीक आहे की नाही हे त्याला तेवढ्यावरून कळायचं. पत्रात कोणीही खोटं लिहितो. दमात खोटं बोलता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि आता फेब्रुवारीच्या कॅसेटवर चढाई नसणार होती.

"आबाक काय सांगू?" शंभूदा एवढंच म्हणाला.

मी दुसऱ्या शुक्रवारी सकाळी कंपनीच्या पिकपमधून जनाबियाला गेलो, साहेबांच्या व्हिलावर. बायकोनं, लीनाबाईंनी, दार उघडलं. पोह्याचा वास आला.

"बस ना," साहेब म्हणाले.

"बसायला नाही आलो. शंभूदाला का काढलं?"

त्यांनी वही आणली. रागावले नाहीत. त्याचाच मला जास्त राग आला. "नजीब, तेवीस वर्षांचा, चौतीस सेकंद. शंभू, एक्केचाळीस वर्षांचा, सतरा. पांडुरंग, सतरा सेकंदात माणूस परत मधल्या रेषेपर्यंत येत नाही."

"पाच वर्षं येत होता."

"तू त्याचा खोकला ऐकलायस का?"

"खोकला सगळ्यांनाच आहे. वाळूचा फवारा मारून टाक्या घासतो तो. तुम्ही मारा दोन दिवस, तुम्हालाही येईल."

लीनाबाई बशी घेऊन दारातच थांबल्या. साहेबांनी एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. "ही त्याला दे. डॉक्टरकडे जाऊ दे. मी सांगितलंय म्हणावं."

ती चिठ्ठी मी खिशात घातली आणि खिशातच राहू दिली. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आमच्या कॅम्पात डॉक्टरकडं जायची चिठ्ठी म्हणजे घरी जायची चिठ्ठी. आदल्या वर्षी दोघे छाती दाखवायला गेले आणि पंधरा दिवसांत त्यांचा व्हिसा रद्द झाला. मला वाटलं, साहेबानं आधी संघातून काढला, आता देशातूनच काढतोय.

वर मी शहाणपणा केला तो असा. शंभूदाला म्हटलं, "आबांना दिसत नाही ना? मग चढाई नजीब करंल, आवाज टेपात जाईल. त्यांना काय कळणार?"

"माझ्या बापाशीक फसवू?"

"सगळे कबड्डी कबड्डीच म्हणतात. त्यात काय नाव लिहिलेलं असतं?"

तो कितीतरी वेळ मान हलवत राहिला. पण दुसरं काही सुचत नव्हतं. नजीब रत्नागिरीकडचा, लाजाळू पोरगा. आपल्यामुळं शंभूदा गळला हे त्याच्या मनाला लागलेलं. तो लगेच तयार झाला. "शंभूदा, तुमच्यासारखा सावकाश म्हणू?"

"तू तुझ्यासारखा म्हण. नकल करूक गेलंस तर मरशीत."

शुक्रवारी सराव सुरू झाला. साहेब पलीकडच्या कडेला शिट्टी घेऊन उभे. शंभूदानं मशीन चालू केलं. "आबा, चाललंय मी," म्हणाला आणि मशीन माझ्याकडं दिलं. नजीब आत शिरला. त्याचा आवाज मोठा, खणखणीत. समोरच्या सहा जणांना नाचवून तो दोघांना हात लावून परत आला. सगळं झकास झालं. फक्त मधेच शंभूदाला खोकल्याची उबळ आली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी डोळे वटारले तसा त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज आला नाही.

कॅसेट सुट्टीवर चाललेल्या एका ड्रायव्हरबरोबर गेली. सात आठवड्यांनी तोच परत आला आणि आमच्या खोलीत घरून आलेली उत्तराची कॅसेट देऊन गेला. खोलीत आम्ही तिघंच होतो. शंभूदा, मी आणि नजीब. शंभूदानं बटण दाबलं.

आधी रखमाचा आवाज. गाय व्यायली, पाडी झाली. भाताला उंदीर लागलेत. थोरली आता साडी नेसायला मागते. मग खाटेची करकर, आणि आबा.

"शंभू, आयकतंस मां? रखमान माका सगळा लावन दाखवल्यान. दोनदा. आता गप ऱ्हव आणि आयक. चढाई केल्यान तो तू न्हय."

नजीब खाटेवरून उठून उभाच राहिला.

"पोरगो बरो आसा. लांब पायाचो असतलो, पावलांवरसून कळता. पण येडो आसा. रेषा वलांडल्या वलांडल्या अर्धो दम वरडण्यात घालयता. कोणाक दाखवक? त्याका सांग, पयली धा कबड्डी पोटात म्हण. पंचाच्या कानार पडतली इतकीच. मगे आवाज सोड. आणि परत फिरताना डावो पाय आधी टाकता तो, तो चवड्याक धरून कोणीतरी पाडतलो त्याका. सांग त्याका."

नजीबनं खाली आपल्या डाव्या पायाकडं बघितलं.

"आता तुझा. खोकलो आयकलंय मी तुझो. तीनदा. चौथ्यांदा तोंडात कायतरी कोंबलंस. डोळे गेले माझे, कान हयच आसत. वरसभर आयकतंय, दम कमी कमी येता. बोललंय नाय, म्हटला तू सांगशीत. दाक्तराकडे जा. आणि शंभू, फुडल्या टायमाक तोंडात काय कोंबू नको. मशीनच्या जवळ बस आणि खोक. चुलीकडे कोणतरी घरचा बसलेला आसा असा वाटला माका."

"आबा, पट्टी संपता," मागून रखमा.

"संपांदेत. माझा बोलून झाला."

पट्टी खरंच संपली. शंभूदा हसायला लागला. हसता हसता खोकायला लागला आणि बराच वेळ खोकला. या वेळी कोणी डोळे वटारले नाहीत.

"बघलंस?" तो मला म्हणाला. "काय कळणार, म्हणत होतंस."

मी उठलो आणि खुंटीवरची पँट चाचपली. चिठ्ठी होती, पण दोनदा धुतलेली. खिशात नुसता लगदा. मी तो तळहातावर घेऊन शंभूदापुढं धरला आणि काय ते सांगितलं. त्यानं लगदा बघितला, माझ्याकडं बघितलं.

"गाढवा," तो म्हणाला. पण त्या रात्री त्यानं माझ्या ताटात स्वतःच्या वाट्याचा मासळीचा तुकडा टाकला.

पुढच्या शुक्रवारी मी परत जनाबियाला गेलो. या वेळी बसलो. पोहे होते, तेही खाल्ले. दुसरी चिठ्ठी मागितली.

"पहिलीचं काय झालं?"

"मी दिली नाही. तुम्ही त्याला घालवताय असं वाटलं."

साहेबांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. माणसांशी कागदावरून बोलायची सवय झालेला होता, एवढंच. मी त्यांना कॅसेटचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला ऐकायचीय."

संध्याकाळी ते आमच्या खोलीत आले, बूट दाराशी काढून जमिनीवर बसले. पुण्याच्या माणसाला मालवणी अर्धी कळली, अर्धी नाही. "पहिली दहा पोटात" आल्यावर त्यांनी हात वर केला. "थांब. परत लाव." परत लावलं. त्यांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं, त्याच वहीत, जिच्यात सतरा सेकंद लिहिले होते. "युनिव्हर्सिटीत चार वर्षं खेळलो," ते म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं नाही."

"तुमका शिकयणारे डोळ्यांनी बघणारे होते," शंभूदा म्हणाला.

साहेब कॅसेट संपेपर्यंत बसले. मग मान खाली घालून बोलले. "शंभू, मी तुला संघात परत घेणार नाही."

"ठाऊक आसा."

"पण तो कागद दारावर लावायला नको होता. आधी तुझ्याकडे यायला हवं होतं."

"नको. तोंडावर सांगितला असतात तर मी रडलो असतंय. तुमच्यासमोर."

यादी बदलली नाही. खोटं कशाला सांगू? डॉक्टरनं सांगितलं, फुप्फुसात धूळ बसलीय, वाळूचं काम आजपासून बंद. त्याचा व्हिसा रद्द होऊ नये म्हणून साहेबांनी ऑफिसात तीन फेऱ्या मारल्या आणि त्याला हत्यारांच्या स्टोअरमध्ये लावून घेतलं. याला कॅम्पात काही जण मेहरबानी म्हणाले. मी नाही म्हणालो. दहा वर्षं एका फडक्यानं तोंड बांधून वाळू खायला लावायची आणि मग सावलीत स्टूल द्यायचं, याला मी मेहरबानी म्हणत नाही. पण साहेबांनी फेऱ्या मारल्या हेही खरं. तेही लिहिलं पाहिजे.

चषकात आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत गेलो आणि हरलो. नजीब परत फिरताना उजवा पाय आधी टाकायला शिकला होता. त्याला कोणी चवड्याला धरलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी पुढची कॅसेट भरली. ऊन कडक व्हायला लागलं होतं, वाळूवर मारलेलं पाणी बघता बघता सुकत होतं. शंभूदा कडेला मांडी घालून बसला. मशीन त्यानं मला दिलं नाही, स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि बटण दाबलं.

"आबा, चढाईक नजीब चाललो. मी हय बसलंय."

नजीब आत गेला. पहिली दहा पोटात. इतकी हलकी की साहेब पंच म्हणून कान देऊन वाकले. मग आवाज सुटला. शंभूदाला उबळ आली तेव्हा तो मोकळेपणी खोकला, मशीनपासून तोंडसुद्धा वळवलं नाही. आणि त्याची बोटं मशीनच्या कडेवर आपटायला लागली, टक, टक, टक, दर कबड्डीला एक.

"ठोकू नको," मी हळूच म्हटलं. "टेपात येतंय."

"येंदेत," तो नजीबवरची नजर न काढता म्हणाला. "थयसून आबा पण मोजीतच असतलो."